डोंबिवलीचा फलक पंगतीने राखिला त्याची हकीकत

श्रीखाडीदेवी प्रसन्न.

मजकूर लिहावयास कारण की, मोठ्या मोहिमांच्या हकीकती लिहिणारे पूर्वी बहुत जाहले, आणि त्यांस तोफा मिळाल्या, हत्ती मिळाले, गडकोट मिळाले. सदर मोहिमेत तोफ नव्हती, हत्ती नव्हता, आणि गड म्हणावा तर लग्नाचा मांडव एक व मैदानाची कनात एक. यास्तव ही हकीकत लिहावी की न लिहावी ऐसा विचार बहुत दिवस चालिला. परंतु ज्यांणी मोहीम डोळां पाहिली ते एकेक करून बदलापुराकडे ब्लॉक घेऊन गेले, आणि नव्या लोकांस फलक म्हणजे काय तेही ठाऊक नाही, ऐसे जाणोन, जैसे घडले तैसे, पदरचे थोडकेच घालोन लिहिले आहे. अधिकउणे वाचणारांनी सांभाळून घ्यावे. न घेतल्यास तेही रास्तच होईल.

इसवी सन एकोणीसशे चौऱ्याण्णव, माघ मास. ते समयी डोंबिवली पश्चिमेस, मासळीबाजाराचे तोंडावर, 'खाडीवारा' नामे साप्ताहिक नांदत होते. दौलत म्हणावी तर एक खोली आणि एक टेलिफोन. फौज म्हणावी तर संपादक हुजूर एक, मुद्रिते तपासणारी वासंती नामे कन्या एक, आणि बातमीदार महिपत म्हात्रे एक. पूर्वी मुलखाचे वर्तमान सरकारांत लिहून पाठवी त्यास वाकनीस म्हणत. महिपतराव यांस बाजारचे लोक तोच किताब देऊन हाक मारीत, कारण किताबास खर्च नाही.

महिपतराव यांची मुद्रा भिडस्त, चाल सावध. यांचे शिक्षण कल्याणास खाडीकाठ महाविद्यालयात जाहले होते, आणि तेथील प्राचार्य समोर दिसताच उजवा हात आपसूक टोपीस लावण्याची खोड तेव्हां जी जडली, ती पदवी मिळोनही सुटली नव्हती. ही खोड वाचणारांनी स्मरणांत ठेवावी. पुढे तिणेच अनर्थ केला.

साप्ताहिकाचे बाहेरले भिंतीवर काळा फलक होता. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचे सामने सुरू जाहले की महिपतराव मैदानावर जात, आणि कोठून तरी टेलिफोन मिळवून चालू सामन्याचे गुण कळवीत, आणि संपादक हुजूर खडू घेऊन एकेका गुणास एकेक रेघ ओढीत. आकडा न लिहिता रेघ ओढण्याचे कारण सगुणाबाई कोळीण. या बाईंची मासळीची पाटी बरोबर फलकाखाली, आणि यांचा पुत्र कान्हा डोंबिवलीचे संघात चढाईस जाणारा पहिला गडी. बाईंस पाटी सोडून मैदानावर जाणे घडेना आणि अक्षरओळख नव्हती, यास्तव त्यांणी फर्माविले की, "वाचता येत नाय मना. रेघा ओढा, मना कललं." तेव्हांपासून रेघा. आणि रेघा पाहावयास गिऱ्हाईक, हमाल, रिक्षावाले, शाळा चुकविलेली पोरे, ऐसा जमाव उभा राहू लागला, की उपांत्य सामन्याचे दिवशी, तो ठाण्यास वागळे इस्टेटीचे मैदानावर जाहला, बाजारांतून वाट राहिली नाही आणि संपादक हुजूर यांणी शिडीवर चढोन रेघा ओढिल्या.

हे वर्तमान दौलतशेठ यांस कळले. दौलतशेठ म्हणजे दौलत केबलचे धनी; ठाकुर्लीपासून दिव्यापर्यंत गच्चीगच्चीवरून यांची वायर गेली होती, आणि जेथे नळास पाणी येत नसे तेथेही यांची वायर पोहोचली होती. त्यांणी विचार केला की, अंतिम सामना आपण चित्रित करोन रात्री आठ वाजता दाखवावा, मध्ये साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती घालाव्या, आणि बक्कळ नफा करावा. परंतु निकाल दुपारीच फलकावर लागला तर रात्री पाहील कोण? मग ते कल्याणास खाडीकाठ महाविद्यालयात गेले. तेथे अंतिम सामना व्हावयाचा होता, आणि यजमानांचाच संघ डोंबिवलीशी भिडणार होता. जिमखान्याचे प्रमुख प्राध्यापक आनंदराव टिपणीस यांची भेट घेऊन दौलतशेठ यांणी जिमखान्यास एक रंगीत टीव्ही नजर केला. जिमखान्यास कुलूप नीट लागत नाही ऐशा काळजीने तो टीव्ही टिपणीस यांणी आपले दिवाणखान्यात नेऊन ठेविला. त्याउपर फर्मान निघाले ते येणेप्रमाणे:

पत्रकारांस मैदानात येण्याची, बसण्याची आणि बटाटावडा खाण्याची पूर्ण मोकळीक आहे, कारण महाविद्यालय वृत्तपत्रस्वातंत्र्याचे अभिमानी आहे. मात्र सामन्याचे वर्तमान हे दौलतशेठ यांचे हक्काचे असल्याकारणे रात्री आठ वाजल्याशिवाय ते कोणी मैदानाबाहेर पाठवू नये. सामना चालू असता जो बाहेर जाईल त्यास फिरोन आत घेणार नाही, आणि जो बाहेर ओरडेल त्याचा पास जप्त होईल.

आणि भिंतीवरून कोणी पाहू नये म्हणून मैदानास चहूकडे उंच कनात लाविली.

महिपतराव फर्मानाची प्रत घेऊन डोंबिवलीस आले. संपादक हुजूर यांणी ती दोनदा वाचिली आणि म्हणाले की, "महिपत, स्पष्ट सांगतो. भिंतीचा मालक टपून बसलाय. कोचिंग क्लासवाल्याला जाहिरातीसाठी भिंत हवी आहे. अंतिम सामन्याला फलक कोरा राहिला, तर लोक म्हणतील यांना आता कोणी विचारत नाही, आणि मग भिंत गेली."

"आणि मी?" महिपतराव यांणी पुसिले.

"तुला वाढदिवसांचं सदर देऊ. त्यात कोणी मैदानाबाहेर काढत नाही."

हे शब्द बाणासारखे लागले. महिपतराव खाली उतरले तो सगुणाबाई पाटीवर पाणी शिंपडीत होत्या. त्यांणी वर न पाहता म्हटले की, "वाकनीस, उद्या कान्ह्याचा मोठा खेल हाय. पोऱ्याचा काय होतं ता मना हितं दिसलं पायजे. दिसल ना?"

"दिसेल," ऐसे महिपतराव बोलून गेले. संपादकांस शब्द दिला असता तर माघारी घेता आला असता. सगुणाबाईंस दिलेला शब्द बाजारांत चौदा बायकांणी ऐकिला होता.

मग महिपतराव त्याच सायंकाळी कल्याणास गेले आणि मैदानाभोवती हिंडोन पाहणी केली. उत्तरेस खाडी, दक्षिणेस रस्ता, पश्चिमेस महाविद्यालयाची इमारत, आणि पूर्वेस भिंतीस भिंत लावोन काळुराम पाटील यांचे आंगण. काळुराम आणि महिपतराव एका बाकावर बसोन शिकलेले. आंगणांत मांडव घातला होता, कारण दुसरेच दिवशी काळुराम यांचे पुतणीचे लग्न. मांडवाचे कोपऱ्यांत माच बांधोन त्यावर माईक ठेविला होता, आणि कर्णे चार दिशांस चार. माचावर स्वतः काळुराम बसणार, कारण त्या पाड्यावर रीत ऐसी की पंगत बसली की माईकवरून पाने पुकारावी: वरपक्षाची इतकी, वधूपक्षाची इतकी, म्हणजे वाढप्यांस कळते आणि मान कोणाचा चुकत नाही.

माचावर चढोन पाहता कनातीमुळे मैदान दिसेना. परंतु कनातीचे दोन पडद्यांमधील फटीतून भिंतीलगत पत्रकारांसाठी मांडिलेल्या खुर्च्या तेवढ्या स्वच्छ दिसत होत्या, म्हणजे उद्या त्यांत बसणारांची डोकीही दिसणार. महिपतराव यांणी ते पाहिले आणि त्यांचे चित्तांत मसलत उगवली. ती त्यांणी इतकी चाचरत सांगितली की काळुराम यांस दोनदा ऐकावी लागली.

मसलत येणेप्रमाणे. मैदानाबाहेरून आलेला म्हणून डोंबिवलीचा संघ तो वरपक्ष. यजमानांचा संघ तो वधूपक्ष. महिपतराव यांणी उजव्या हाताने टोपी सरकविली की वरपक्षाचे एक पान वाढले. डाव्या हाताने सरकविली की वधूपक्षाचे. टोपी काढून मांडीवर ठेविली की शेवटले पान चुकीचे, ते मागे घ्यावे. सामना संपला की खुर्चीवरून उठावे, म्हणजे पंगत उठली ऐसे पुकारावे. मांडवासमोर पिवळ्या पाटीचा, पैसे देऊन बोलावयाचा टेलिफोन होता, तेथे वासंतीने बसावे आणि कर्ण्यांतून जे ऐकू येईल ते डोंबिवलीस कळवावे. पत्रकार मैदानांतून हलला नाही, ओरडला नाही. फर्मान जेथल्या तेथे शाबूत.

काळुराम हसोन म्हणाले की, "करू. वाढप्यांना सांगून ठेवतो, माईककडे ध्यान देव नका म्हणून. पन येक सांगतो म्हयपत. लगीन मोरला नाय पायजे."

"पाने पुकारल्याने लग्न कशाला मोडेल?" ऐसे महिपतराव म्हणाले. शिकलेल्या माणसाची चूक होते ती ऐशाच ठिकाणी.

दुसरे दिवशी सूर्य माथ्यावर येता येता दोन्हीकडे वाद्ये वाजली. इकडे अक्षता पडल्या आणि तिकडे नाणेफेक जाहली. मांडवांत पहिली पंगत बसली. वरपक्षाची माणसे पुष्कळ, आणि त्यांत अग्रस्थानी नवऱ्याचा मामा दामाजी भोईर, मिशा भरघोस, आवाज भरघोस, आणि मान तर त्याहून भरघोस. मैदानांत कान्हा पहिले चढाईस गेला. महिपतराव खुर्चीत बसले होते, त्यांचे शेजारी पास तपासणारा स्वयंसेवक उभा, आणि थोडे पुढे टिपणीस व दौलतशेठ सोफ्यावर, मध्ये दौलतशेठ यांचा कॅमेरा तिपाईवर, मागे तो चालविणारा त्यांचा माणूस.

कान्ह्याने गडी टिपिला. महिपतराव यांणी उजव्या हाताने टोपी सरकविली.

"वरपक्षाचे एक पान," कर्ण्यांतून गर्जना जाहली.

मग यजमानांणी दोन गडी धरिले, आणि मग डोंबिवलीने एक, आणि मग पुन्हा यजमानांणी, आणि टोपी कधी डावीकडे झुके कधी उजवीकडे, की स्वयंसेवकाने काळजीने पुसिले, "सर, डोक्यात काही झालंय का?" महिपतराव म्हणाले की, "घामोळं." तो बिचारा पाणी आणावयास गेला आणि त्याची चौकी उठली. इकडे वासंती टेलिफोनवर सांगत होती आणि डोंबिवलीस रेघांवर रेघा पडत होत्या. उपांत्य सामन्याहून दुप्पट लोक जमले होते. सगुणाबाईंणी गिऱ्हाइकांस सांगितले की मासे नंतर घ्या.

ऐसा बेत निर्वेध चालला असता, मध्यांतरापूर्वी थोडे, प्राचार्य साहेब मैदानांत आले आणि पत्रकारांचे खुर्च्यांसमोरून गेले. आणि महिपतराव यांचा उजवा हात आपसूक उठोन टोपीस लागला.

"वरपक्षाचे एक पान वाढले," कर्णे गर्जले.

डोंबिवलीने गुण मिळविला नव्हता. फलकावर खोटी रेघ पडली होती, आणि ती महिपतराव यांचे अदबीने पडली होती. क्षणभर त्यांचे मनांत आले की राहू द्यावी; डोंबिवली मागे आहे, एक गुण पुढे मिळेलच, मग टोपी न सरकविता हिशेब जुळवावा, कोणास कळणार आहे? परंतु सगुणाबाई त्या रेघेकडे पाहोन आत्तां हसत असतील, ऐसा विचार आला, आणि तो सोसवेना. मग त्यांणी टोपी काढून मांडीवर ठेविली.

काळुराम यांणी खूण ओळखिली आणि ठरल्याप्रमाणे पुकारिले: "वरपक्षाचे एक पान चुकून मांडले आहे. ते उचलावे."

मांडवांत दामाजीमामा यांचे हातांतली जिलेबी पानांत पडली. पंगतीस बसलेल्या माणसाचे पान उचलणे हा अपमान त्या मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या कोणी केला नव्हता, आणि येथे तो चार कर्ण्यांनी चार दिशांस कळविला होता. मामा उभे राहिले. त्यांचेबरोबर सगळा वरपक्ष उभा राहिला. मामा माचाखाली येऊन गरजले की, "काळुराम, खाली उतर. मगापासून आयकतंय. आमची साठ माणसा बसलीत न तू बोलतंस वरपक्षाची पाना सात. बरा, गप रायलो. न आता त्या सातातला पन येक उचलतंस? कोनाचा उचलतंस ता बोल. माजा?"

"मामा, तुमचा नाय."

"मंग नवऱ्याचा?"

तिकडे वासंतीचे कानाशी संपादक हुजूर ओरडत होते की, "पान उचललं म्हणजे काय करू?"

"एक रेघ पुसा, सर."

"पुसू? इथे तीनशे माणूस उभा आहे. रेघ पुसली तर मलाच पुसतील."

"सर, चुकीची आहे. पुसा."

आणि संपादक हुजूर यांणी डोळे मिटोन ती रेघ पुसिली, तेव्हां जमावांतून जो शब्द उठला तो येथे लिहिण्याजोगा नाही.

मांडवांत वरमाय रडू लागली आणि वरपक्षाची माणसे चपला शोधू लागली. लग्न मोडण्याचे बेतास आले. काळुराम यांणी पाहिले की आता सत्याखेरीज कुमक नाही. मग ते माचावरून उतरले, मामांचे कानाशी लागले, आणि टोपी, कनात, फर्मान, फलक ऐसी कुल हकीकत त्यांस निवेदन केली.

मामा यांणी ऐकून घेतले. मग हळूच पुसिले की, "म्हंजे वरपक्ष म्हंजे डोंबोली?"

"व्हय."

"न आमी मागं हाव?"

"पाच पानांनी."

आता दामाजीमामा यांचे तारुण्य कबड्डींत गेले होते, आणि डाव्या हाताची करंगळी वाकडी होती ती तिथलीच. त्यांणी मागे वळोन आपले माणसांस दटाविले की, "चपला काय शोधतांव रं? बसा. आपन मागं हाव, न तुमाला जावाची घाई? बसा न आयका." मग सगळा वरपक्ष फिरोन पानांवर बसला. मैदानांत तोंवर मध्यांतर लागले होते; वाढप्यांणी नवी जिलेबी वाढिली, आणि काळुराम फिरोन माचावर चढले.

उत्तरार्ध सुरू जाहला. परंतु आता एक नवे संकट ओढवले. कर्ण्यांतून "वरपक्षाचे एक पान" ऐसे शब्द आले की मांडवांत साठ माणसांची आरोळी उठे. "वधूपक्षाचे पान" आले की साठ माणसे हळहळत. आणि नवरा बोहल्यावरून उतरोन माचाखाली येऊन उभा राहिला, तो नवरीकडे पाहीचना. मैदानांत टिपणीस यांणी प्रथम दुर्लक्ष केले. मग त्यांचे ध्यानांत आले की इकडे गडी बाद होतो आणि तिकडे पान वाढते. दौलतशेठ यांणी वरपक्षाचे पान ऐकिले, मैदानाकडे पाहिले, आणि सोफ्यावरून उडी मारिली.

"सर, हे लग्न नाही. हे थेट प्रक्षेपण आहे."

दोघे सरदार तडक मैदानांतून निघाले, वळसा घालोन मांडवाचे दाराशी आले, आणि टिपणीस यांणी आत पाऊल टाकोन मोठ्याने आज्ञा केली की माईक बंद करावा. महिपतराव यांणी खुर्चीतून भिंतीपलीकडला तो आवाज ऐकिला आणि त्यांस वाटले की आता सारे बुडाले. वाढदिवसांचे सदर त्यांचे डोळ्यांपुढे उभे राहिले: चिरंजीव अमुक, प्रथम वाढदिवस, फोटोसह.

परंतु टिपणीस यांणी एक गोष्ट विचारांत घेतली नव्हती. भोजनसमयी जो मांडवांत पाऊल टाकील तो पाहुणा, आणि पाहुण्यास उभे ठेवणे हे यजमानास लांछन. दामाजीमामा यांणी उठोन प्राध्यापकांस खांद्यास धरिले आणि म्हणाले की, "प्रोफेसरसाहेब, पयला बसा. माईकचा मंग बगू. ए, दोन पाना टाका हितं."

"मी जेवायला नाही आलेलो."

"जेवाला कोन येतो? लगनाला येतांव तुमी. बसा."

आणि ते दाबून बसविले गेले. पाठोपाठ दौलतशेठ. पुढ्यांत वरण, भात, बटाट्याची भाजी, जिलेबीचा ढीग. एकदा पानावर बसलेल्याने पंगत उठल्याशिवाय उठू नये, हा तर साऱ्या महाराष्ट्राचा कायदा, आणि तो मोडणारास दामाजीमामा शेजारीच बसले होते. ऐसे रीतीने शत्रूचे दोन्ही सरदार भर मांडवांत कैद जाहले, आणि त्यांचे हातांस बेड्या न घालता जिलेबी दिली.

तथापि माईक चालूच होता. सामना चुरशीस आला. वरपक्ष एकवीस, वधूपक्ष बावीस. टिपणीस भात कालवीत होते, परंतु कान कर्ण्याकडे. पुकार थोडी लांबली तेव्हां त्यांणी भाताचा घास तसाच धरिला. मग न राहवोन पुसिले की, "किती? वधूपक्षाची किती झाली?"

दामाजीमामा यांणी त्यांजकडे पाहिले. सारी पंगत त्यांजकडे पाहू लागली.

"फर्मान तुमचाच ना, साहेब?" मामा म्हणाले. "आठ वाजता बगा मंग."

प्राध्यापकांणी मान खाली घातली आणि घास तोंडांत टाकिला. दौलतशेठ यांस मात्र तो प्रश्न ऐकोन काही सुचले.

मैदानांत शेवटली चढाई. बरोबरी, तेवीस पाने उभयतांची. कान्हा गेला, आणि रेषेपर्यंत परत येता येता त्यास दोघांणी गुडघ्यांत धरिला. तो रेषेच्या वीतभर अलीकडे आडवा पडला आणि हात लांबविला, परंतु हात पोहोचला नाही. शिट्टी जाहली. महिपतराव यांणी पाहिले की त्याचे ढोपर फुटोन माती लाल जाहली आहे. त्यांणी डावा हात उचलोन टोपी सरकविली. मग खुर्चीवरून उठले. टोपीच्या खुणांत ढोपराची खूण नव्हती.

"वरपक्षाची पाने तेवीस, वधूपक्षाची चोवीस. पंगत उठली," ऐसे कर्ण्यांणी जाहीर केले.

टिपणीस आनंदाने उठू लागले. मामा यांणी हात धरोन बसविले. "ती त्यांची पंगत. आपली बसलीय अजून. घ्या, जिलेबी घ्या, जिंकलांव तुमी."

त्याच पंगतींत तहाचे बोलणे लागले. महिपतराव यांस बोलावून आणिले, ते दाराशीच उभे राहिले. त्यांस बोलावयाचे होते की सामन्याचे वर्तमान ही कोणाची वायर नव्हे, आणि वडा खाऊ घालोन तोंड बंद करणे यास स्वातंत्र्य म्हणत नाहीत. ऐसे पुष्कळ बोलावयाचे होते, रात्री पाठही केले होते. परंतु प्राध्यापक समोर जेवीत होते आणि त्यांस जेवणाऱ्या माणसाशी भांडता येईना. ते इतकेच म्हणाले की, "सर, तुम्हाला निकाल कुठून कळला?"

टिपणीस यांणी कर्ण्याकडे पाहिले, मग जिलेबीकडे पाहिले. जिंकलेला माणूस उदार असतो, आणि गोड खाल्लेला त्याहून. मग त्यांणी कबूल केले की, येथून पुढे पत्रकारांणी चालू सामन्याचे गुण खुशाल बाहेर कळवावे, टेलिफोन महाविद्यालयाचे कचेरींतून द्यावा, आणि कनात काढावी. टीव्हीचा विषय कोणी काढिला नाही.

दौलतशेठ यांणी एकच कलम मागितले. ते म्हणाले की, "कळवा तुम्ही, मी कशाला अडवू? ऐकून ऐकून मलाच ती शेवटची पकड बघायची आहे. गाव काय कमी बघेल? फक्त फलकाचा वरचा अर्धा भाग माझ्या जाहिरातीला. आज रात्री आठ, शेवटची चढाई, दौलत केबलवर."

आणि महिपतराव यांणी फलक राखावयाचे भरांत अर्धा फलक देऊन टाकिला. तहावर जिलेबीचा हात लागला, तीच मोहर.

सूर्य कलता कलता महिपतराव, वासंती आणि कान्हा ऐसे तिघे रिक्षाने डोंबिवलीस पोहोचले. बाजारांत अजून जमाव होता. फलकावर वर दौलत केबलची जाहिरात, टेलिफोनवरून हुकूम येताच संपादक हुजूर यांणी सुरेख अक्षरांत लिहिलेली, आणि खाली रेघा दोन रांगांत. एका रांगेंत एक कमी. संपादक हुजूर यांणी महिपतराव यांस मिठी मारिली आणि म्हणाले की, "भिंत राहिली रे."

महिपतराव सगुणाबाईंकडे गेले. विजयाचे वर्तमान सांगावे की पराभवाचे, हे त्यांस ठरविता येईना. बाईंणी रेघांकडे पाहिले, मग रिक्षेतून लंगडत उतरणाऱ्या पुत्राकडे पाहिले, आणि त्याचे पायाशी बसोन ढोपरावरचा रुमाल सोडून पाहिला, आणि पुन्हा बांधिला.

"हरलो, आय," कान्हा म्हणाला. "वीतभर कमी परला."

"ता दिसला. रेघ कमी हाय." मग बाई महिपतराव यांजकडे वळल्या. "वाकनीस, काल तुला काय सांगलता?"

"गुण कळवा म्हणून."

"गुन कुठं बोललू मी? पोऱ्याचा काय होतं ता दिसू दे, बोललू. दुपारपासून रेघा बगतंय. पोऱ्याचा ढोपर फुटला, रगत आला, ता या रेघांत कुठं हाय?"

महिपतराव यांणी तर ते पाहिले होते. त्यांचे डोळ्यांसमोर जाहले होते. आणि एवढ्या मोठ्या युद्धांत, एवढ्या कर्ण्यांतून, तेच एक वर्तमान बाहेर गेले नव्हते. मग त्यांणी संपादक हुजूर यांचे हातांतून खडू घेतला. खाली जागा नव्हती, सगळ्या रेघा. वर दौलत केबल. त्यांणी अंगरख्याचे बाहीने 'आज रात्री आठ' एवढी अक्षरे पुसिली, आणि त्या जागी एक पाय काढिला, आणि ढोपरावर पट्टी काढिली, आणि पट्टीखाली मातीवरचे रक्त म्हणून तीन टिंबे दिली. चित्र काही फार चांगले जाहले नाही.

सगुणाबाईंणी चित्र पाहिले. मग म्हणाल्या की, "ह्यो डावा पाय हाय. त्याचा उजवा फुटलाय."

महिपतराव यांणी डावा पाय पुसिला आणि उजवा काढिला.

येणेप्रमाणे चालू सामन्याचे वर्तमान कळविण्याचा हक्क साप्ताहिक 'खाडीवारा' यास प्राप्त जाहला, कनात उठली, फलक राहिला, लग्नही राहिले. या मोहिमेत दुरुस्त्या दोन जाहल्या, त्या दोहोंची नोंद असावी: पहिली पान उचलण्याची, तिजवर एक लग्न मोडू पाहत होते, दुसरी पाय बदलण्याची, तिजवर कोणी रुसले नाही. त्या दिवसापासून डोंबिवलीचे फलकावर गुणांच्या रेघांचे शेजारी ढोपरे, घोटे आणि करंगळ्या यांचेही वर्तमान चित्ररूपे येऊ लागले, आणि दौलत केबलच्या जाहिरातींत आठाचा आकडा बहुत वेळा पुसट राही. जाणिजे.